पुढची खुर्ची

३ मार्च, मंगळवार

सापडलो! बावीस वर्षं निसटत होतो, आज लेकीने फोनवर पकडलंच. सव्वीस तारखेला रजिस्टर लग्न करतेय. बारा माणसं, चार सह्या, मग जेवण. "बाबा, त्या बारांत तुम्ही हवेत. आणि या वेळी दातांचं निमित्त चालणार नाही."

दातांचं निमित्त म्हणजे — मी कवळ्या बनवतो. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, मी मेणात दात लावतो, कवळी घडवतो. आजवर विमानात बसायची वेळ आली की कुणाची तरी कवळी अडलेलीच असायची. लेक तिकडे परदेशात शिकायला गेली — कवळी. नोकरी लागली, पोचवायला चला म्हणाली — कवळी. नवं घर बघायला बोलावलं तेव्हा तर वरची आणि खालची, दोन्ही! अकरा तासांचं विमान. तेही समुद्रावरून. मी जन्मात एकदाही बसलेलो नाही. भितो. वहीपुढे कसली लाज?

बाईसाहेब (म्हणजे माझी बायको, समोर असं म्हणायची हिंमत नाही) शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. फोन ठेवल्याबरोबर म्हणाल्या, "माझे साठलेले सगळे पॉइंट टाकते. तुला पुढच्या वर्गात बसवते. पाय पसरून आडवं होता येतं. आता बोल!"

काय बोलणार, कप्पाळ?

४ मार्च, बुधवार

एका आजोबांच्या खालच्या कवळीत वरचे दात लावले. नशीब, पॉलिश करायच्या आधी दिसलं.

८ मार्च, रविवार

या पॉइंटांबद्दल एकदा लिहूनच टाकतो. बाईसाहेब बंदरांवरच्या क्रेन तपासतात. वीस मजले उंच लोखंडी शिडी चढून वर जायचं, जोड ठोकून बघायचे, खाली येऊन क्रेनवाल्यांना घाम फोडायचा. महिन्यातून दोनदा तरी विमान. प्रवास केला की पॉइंट, पॉइंट साठले की मागच्या वर्गाच्या तिकिटावर पुढच्या वर्गात बढती. आधी निळं कार्ड होतं, मग चंदेरी झालं, आता सोनेरी. घरातला मिक्सर, गादी, पडदे — सगळं जिथे पॉइंट मिळतात त्याच दुकानातून. माझा चष्मा घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने माझा नंबर तपासायच्या आधी बाईसाहेबांनी त्याची योजना तपासली.

आणि नखरे किती! दौरा ठरला की संगणकावर विमानाचा नकाशा उघडतात. लढाईला निघाल्यासारख्या. पुढचीच खुर्ची हवी. त्यातही खिडकीकडची, एकटी, शेजारी कुणी नको. मी एकदा म्हटलं, "राणीसरकारांना प्रजेचा वारा सोसत नाही वाटतं?" नुसत्या हसल्या. शेजाऱ्यांना मी हेच सांगतो — आमची बायको लोखंडावर माकडासारखी चढते, पण बसायला गादी लागते!

१२ मार्च, गुरुवार

विमान कंपनीच्या बाईंशी फोनवर पाऊण तास. आम्ही काढलेल्या तिकिटाला बढती मिळतच नाही म्हणे, त्याच्यापेक्षा वरचं तिकीट घेतलं तर मिळते. म्हणजे वर जायला आधी थोडं वर जावं लागतं. घेतलं. मग दुसरा निरोप — एक बढती पक्की, दुसरी वेटिंगवर. पुढे जागा उरली तर गेटवर कळेल.

मला आशा वाटली. वेटिंगवाला मी असणार, बढती नाही मिळणार, मी रुसणार, घरी परत!

"पक्की तुझ्या नावावर टाकली," बाईसाहेब म्हणाल्या.

१५ मार्च, रविवार

आज शिकवणी झाली. दिवाणखान्यात जेवणाच्या दोन खुर्च्या एकापुढे एक. पुढच्या खुर्चीत मी, कमरेला माझाच पट्टा. मागे मास्तरीणबाई.

"डोळे मीट. आता पळायला लागलं. पाठ खुर्चीत रुतते. मग जमीन सुटते, पोटात खड्डा पडतो. पडू दे. मग खालून धाडकन आवाज येतो — चाकं आत जातात, घाबरायचं नाही. आता नीट ऐक. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज एकदम उतरतो. वाटतं, संपलं. पडतोय. पडत नसतो. तेव्हा वीसपर्यंत मोजायचं. सावकाश. वीस म्हणेपर्यंत ठीक होतं."

"आणि नाही झालं तर?"

"परत एकपासून."

एवढं बारीक शिकवलं की घाम माझ्याआधी खुर्चीला फुटला असता. म्हटलं, तुला हे सगळं पाठ कसं? म्हणाल्या, "बावीस वर्षं बसतेय." मग उठून पाणी प्यायला गेल्या. तास संपला.

डॉक्टरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "तुझ्या कवळीचं प्रत्येक गिऱ्हाईक आधी माझ्या खुर्चीत असंच बसतं. आता कळेल!"

१९ मार्च, गुरुवार

उद्या निघायचं. आज ठरल्याप्रमाणे भांडण. बाईसाहेबांच्या प्रत्येक दौऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे भांडण असतंच, वेळापत्रकात असल्यासारखं. आजचा विषय — कात्री. जागेवर का नाही? कात्री जागेवर होती. मग जागाच चुकीची का? मी म्हटलं, "भ्यायचं मी, चिडचिड तुझी!" त्यावर कपाट असं आपटलं की वरची बॅग खाली आली. जेवल्याही नाहीत. घर माझ्या ताब्यात सोडून जायचं म्हणून हिचा जीव वरखाली होतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललोय. पण उद्या तर मीही बरोबर येतोय. मग कशासाठी?

माझं काय? दोनदा भात घेतला. फाशीच्या कैद्यालाही देतातच ना पोटभर.

२० मार्च, शुक्रवार — गेटवर

दुसरी बढती आली नाही. पुढे एकच जागा. माझी.

"तू जा पुढे," मी म्हटलं. एकदाच म्हटलं, तेही हळू.

"वेडा आहेस का? तुझं पहिलं विमान आहे. तू तिकडे आडवा हो. मला सवय आहे." आणि माझी कॉलर सारखी केली.

घेतली मी. खरं लिहितो — हायसं वाटलं. मागे एक्केचाळिसाव्या रांगेत मधली खुर्ची. आमच्या सोनेरी कार्डाला!

२० मार्च — विमानात

जिवंत!

पाठ रुतली, पोटात खड्डा पडला, खालून धाडकन आवाज आला. सगळं शिकवल्याबरहुकूम! इंजिनाचा आवाज उतरला तेव्हा मोजायला लागलो. अकरापर्यंत मोजलं आणि खिडकीबाहेर बघितलं — खाली नदी. एवढीशी, लाळेच्या तारेसारखी. (धंदा सुटत नाही.) बारा मोजायलाच विसरलो.

ढगांच्या वर ऊन असतं! हे मला कुणी सांगितलं कसं नाही? सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

मघा गरम टॉवेल आला. मी तोंड पुसलं, शेजारच्याने हात पुसले. मग मीही हात पुसले. खुर्चीला सात बटणं, सातही दाबून झाली. एकाने पाय वर जातात, एकाने दिवा लागतो, एकाने हवाई सुंदरी येते. ती दोनदा आली. तिसऱ्यांदा लांबूनच हसली. छान दात आहेत, स्वतःचे.

एक झोप काढली. विमानात, मी! बावीस वर्षं कवळ्यांच्या आड लपून काय काय घालवलं! आता विमान जरा हलायला लागलंय. हलेना का, बैलगाडीसुद्धा हलते. मागे जाऊन बाईसाहेबांना वाकुल्या दाखवून येतो.

२१ मार्च, शनिवार — लेकीचं घर

कालचं लिहायचंय. पेन धरून बराच वेळ बसलोय.

पडदा सारून मागे गेलो. विमान चांगलंच हलत होतं, खुर्च्यांच्या पाठी धरत धरत एक्केचाळीसपर्यंत पोचलो. वाटेकडेला एक धिप्पाड माणूस, खिडकीत एक म्हाताऱ्या बाई, मध्ये माझी बायको. डोळे घट्ट मिटलेले. चेहरा माझ्या प्लास्टरच्या साच्यासारखा पांढरा. ओठ हलत होते. आकडे मोजत होती. आणि तिने त्या म्हाताऱ्या बाईंचा हात दोन्ही हातांनी धरला होता. असा, की बाईंची बोटं पांढरी पडली होती.

मी तसाच उभा. वाकुल्या कसल्या!

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्या कोण?"

"बायको."

"मग इतका वेळ होता कुठे?"

काय सांगणार? पुढे होतो. झोपलो होतो.

त्या धिप्पाड माणसाला म्हटलं, "पुढच्या वर्गात खिडकीची खुर्ची आहे, माझी. घेता का?" बिचाऱ्याचे गुडघे समोरच्या पाठीत रुतले होते. त्याला थट्टा वाटली. मी पास त्याच्या हातात दिला. हवाई सुंदरी नियम सांगायला आली, तिने मध्ये बसलेल्या बायकोचा चेहरा बघितला आणि नियम तिथेच गिळला.

शेजारी बसून मी हात पुढे केला. तिने डोळे उघडले.

"इथे काय करतोयस? जा पुढे!"

"किती झाले?"

"काय किती?"

"मोजत होतीस ते."

म्हणाली, "सोडून दिलं. वीस-वीसचं किती वेळा मोजणार?" आणि त्या बाईंचा हात सोडून माझा धरला. नखं रुतली. अजून खुणा आहेत.

हळूहळू बोलली. पहिल्या विमानापासून असंच आहे म्हणाली. मी म्हटलं, "आणि त्या क्रेन? वीस मजले?"

"तिथे शिडी माझ्या हातात असते. माझे पाय, माझे हात. इथे काय आहे माझ्या हातात?"

"म्हणून ती पुढची खुर्ची?"

"तिथे शेजारी कुणी नसतं. रडलं तरी कुणाला दिसत नाही. ऑफिसातल्या कुणी पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी दौरे बंद. आणि दौऱ्यांवरच तर लेक शिकली."

मला राणीसरकार आठवलं. शेजाऱ्यांना सांगितलेलं आठवलं. विमान हलत होतं, पण मला त्याची शुद्धच नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

ती हसली. खरंच हसली, त्या तसल्या चेहऱ्याने. "एका घरात दोन भित्रे कसे चालतील? ती जागा तू आधीच घेतली होतीस."

पुढचे सहा तास आम्ही दोघं मागेच. मी तिला कवळ्यांच्या गोष्टी सांगितल्या. उलट्या दातांच्या आजोबांची सांगितली तेव्हा म्हाताऱ्या बाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या, आणि त्यांची कवळी सैल आहे हे माझ्या लक्षात आलं. उतरताना नीट करून देतो म्हणालो. त्यांनी उलट मलाच दम भरला, "आधी हिचं बघा."

२६ मार्च, गुरुवार

लग्न झालं. सह्या झाल्या. जावई बरा आहे, समोरच्या दातांत फट आहे, शोभते.

जेवताना लेकीने सगळ्यांसमोर चिडवलं, "बाबा, खरं सांगा, विमानात किती घाबरलात?"

"विचारू नकोस! तुझ्या आईने अकरा तास हात धरून ठेवला म्हणून पोचलो," मी म्हटलं. सगळे हसले. मी नखांच्या खुणा पुराव्यादाखल दाखवल्या, जणू माझीच नखं. बायको ताटात बघत राहिली. पायाने माझा पाय दाबला. भित्रा म्हणून नाव माझं झालं तर होऊ दे, मला सराव आहे.

३० मार्च, सोमवार

उद्या परत. मी भांडणाची वाट बघत होतो. संध्याकाळपर्यंत नाही झालं. शेवटी मीच विचारलं, "कात्री कुठेय?" म्हणाली, "गप बस." पण जेवली.

३१ मार्च, मंगळवार — गेटवर

विमानतळावर पोचवायला लेक आणि जावई आले होते. काउंटरवरच्या मुलीने आमचे पास बघितले आणि आनंदाने जाहीर केलं — दोघांचीही बढती झालीय. पुढे दोन खुर्च्या, दोन्ही एकेकट्या.

बायको म्हणाली, "नको."

"मॅडम, पुढचा वर्ग आहे."

"माहीत आहे मला. मागे शेजारी-शेजारी दोन द्या." मग लेकीकडे वळली. मागे रांग होती, हळू बोलली असती तरी चाललं असतं. नाही बोलली. "मला विमानाची भीती वाटते. बावीस वर्षं वाटते. तुझ्या बाबांना नाही, मला."