पहिल्या चिरेचा चीक

सोनगीर, ४ फेब्रुवारी १९१७

फजिती! काल दुपारी अफूच्या दोनशे बोंडांना चिरा दिल्या, ऐटीत ओळीतून पुढे पुढे गेलो — आणि आज सकाळी खरवडायला गेलो तर निम्मा चीक माझ्याच धोतराला! पुण्याच्या पुस्तकात चीर किती खोल द्यावी ते आहे. चालावं कसं ते नाही.

बांधावर सुंदरअक्का बसल्या होत्या. इथल्याच शेतकऱ्याच्या घरच्या, पण माहेर माळव्यातलं — लहानपण सगळं अफूच्या शेतात गेलेलं. पोट धरधरून हसल्या. "झाडकडे तोंड ठेव पोरा! चीर दे, आन् मांगे सरक. चिरेल बोंडले अंग लागू देवानं नई."

उलटं चालायचं. एवढंच!

६ फेब्रुवारी

उलटा चाललो. दोनदा आपटलो. चीक मात्र दुप्पट. अक्का, तुमचे उपकार!

७ फेब्रुवारी

मगनचं पत्र आलं, कुणा दुसऱ्याच्या हातचं. धाकटा भाऊ माझा, बसऱ्याकडे लढाईवर. डिसेंबरात मांडीत गोळी घुसली, हाड फुटलं. लिहितो — "रात्रंदिवस ओरडत होतो. मग सुई टोचली, आणि आईने मांडीवर घेतल्यागत झालं."

पत्र तीनदा वाचलं. त्या सुईत मॉर्फिन. मॉर्फिन अफूतलं. आणि तेच मी इथे अर्ध्या एकरात, तारेच्या कुंपणाआड शोधत बसलोय! लढाईमुळे बाहेरची अफू येत नाही, आपल्या अफूत मॉर्फिन कमी, असं सगळे म्हणतात. कमी का, ते मी काढायचं. धरणगावला आईला वाटतं मी सरकारी माळी झालो. वाटू दे. देवा, पोराला झोप लागली, तुझे फार फार आभार.

११ फेब्रुवारी

तिसरी चीर झाली. खात्याच्या साहेबांचा हुकूम, सगळा चीक एकत्र मळावा. अक्कांनी कपाळाला हात लावला. "पह्यला चीक येगळा ठेव. तिसरामा काही दम नई." कसं कळलं विचारलं, तर म्हणे जिभेवर ठेवून बघ!

नोकरी जाईल तर जाईल. तीन मडकी वेगळी ठेवली.

धुळे, २४ फेब्रुवारी

तिन्ही मडक्यांतलं मॉर्फिन काढायला घेतलं — चुन्याची निवळी, मग नवसागर, मग वाट बघणं. सकाळी तळाशी खडे बसले होते, बारीक साखरेसारखे. धुतले, वाळवले, तोलले. पहिला चीक — शंभरात बारा. दुसरा — आठ. तिसरा — जेमतेम साडेचार!

काटा बिघडला असेल म्हणून पुन्हा सगळं केलं. तेच! आपली अफू हलकी नाहीच, आपणच तिच्यात साडेचाराचं पाणी ओततो. खोलीत एकटाच नाचलो. मग रडू आलं, का कोण जाणे.

२६ फेब्रुवारी

मुद्दाम सोनगीरला जाऊन अक्कांना सांगितलं. पाया पडलो. "बारा का तेरा, माले काय माहीत! मी सांगेल व्हतं ना?" अहवालात त्यांचं नाव घातलंय. साहेबांनी खोडलं तर पुन्हा घालीन.

५ मार्च

मगन मुंबईच्या इस्पितळात आलाय! देशात आला! पण पत्रात एकच रडगाणं — डॉक्टर कंजूष झालाय, सुया कमी केल्या, हाक मारली तरी येत नाही.

म्हणजे माल संपत आला! आमची पोरं कळवळताहेत आणि आम्ही मडकी मोजतोय. आजच तीन पानी पत्र साहेबांना लिहिलं, लवकर करा म्हणून.

१२ मार्च

पुन्हा मगन. तेच. चपाती गिळवत नाही मला.

१९ मार्च

साहेबांचं उत्तर! पहिला चीक वेगळा ठेवायचं मान्य. पुढच्या हंगामाला तिप्पट जमीन. आणि सुंदरअक्कांचं नाव तस्संच! यंदा देवाकडे मागायला काही उरलं नाही. मगन तेवढा घरी येऊ दे.

३ एप्रिल

मगन आला! काठीशिवाय चालतो. जखम भरलीय, मी दाबून पाहिली. दुखतं का विचारलं. "नई भाऊ. दीड महिना व्हयी गया, काहीच दुखत नई."

ताट तसंच सारून त्यानं माझा हात धरला. "तू ते काढस ना, भाऊ? माले जराखं दे."

मला 'नाही' म्हणवलं नाही.