द्राक्षांच्या गावाला, पाटापाटाने

११ एप्रिल, शनिवार

अख्ख्या दिवसात पारोळ्याहून फक्त धुळं! एसटीने तासाभराचं काम. किरण सायकल चालवत नाही, सायकलीला हवा खायला नेतो. रसवंती दिसली — थांब. कडुनिंब दिसला — थांब. कुणाची म्हैस नुकती व्यायली — थांब, बघू दे. नरडाण्याच्या कंपनीत मशीनपुढे उभा राहून राहून कंटाळलाय, म्हणतो, आठ दिवस घाई हा शब्द माझ्यापुढे काढू नको. त्याला नसेल घाई. मला आहे ना!

जायचंय पिंपळनेरच्या अलीकडे, मयुरीच्या सासरी. किरण तिचा सख्खा भाऊ. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी आणायला निघालाय. धुळ्यापासून हमरस्ता सोडायचा आणि पांझरेच्या पाटाच्या कडेकडेने सायकलवर जायचं, ही त्याचीच टूम. येताना तो आणि ती एसटीने, सायकली भाजीच्या टेम्पोत. मी म्हटलं, मी पण येतो. त्याने सायकलची चेन दोनदा फिरवून बघितली. मग म्हणाला, ये, पण तोंड सांभाळ.

तोंड सांभाळ म्हणजे काय? मी काय बोललो अजून?

निघताना यशोदाकाकू — त्याची आई — दारात उभी होती. लग्नानंतर पाचपरतावणाला माहेरी आली तेवढीच पोरगी, त्यानंतर नाही. राखी गेली, दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर वेळी एकच निरोप: बागेचं काम आहे, जमत नाही. काकू म्हणाली, सासूच्या पाया पड पण घेऊन ये. पाया कसल्या पडायच्या! त्या बाईला मी — जाऊ दे. लिहीत नाही.

१२ एप्रिल, रविवार

पाटाला पाणी सोडलंय. काठाची वाट एवढी अरुंद की दोन सायकली शेजारी जात नाहीत. तो पुढे, मी मागे. माझ्याकडे बापाची काळी सायकल, चेन सारखी कुरकुरते. उजवीकडे पाणी, डावीकडे कांदा, मका, ऊस. बगळे. दुसऱ्या कुणाला हे सगळं फार आवडलं असतं. मला वाटत होतं, हे पाणी माझ्या उलट्या दिशेने चाललंय. तिच्याकडून येतंय आणि माझ्याजवळ न थांबता पुढे धुळ्याला जातंय.

नेरला दुपारभर एका आबांच्या खोपीत पडलो. अभिमन आबा. फडाला पाणी देत बसले होते. विचारलं, "कोठे चालनात रे पोरेहो?"

किरण म्हणाला, बहिणीला आणायला.

"सायकलवर? तिले क्यारेजवर बसाडीसन आनशात का?" आणि माझ्याकडे बोट. "हाऊ बी भाऊ शे का?"

माझं डोकं सटकलं. नाही म्हणून ओरडणार होतो. किरण आधीच म्हणाला, हा भाऊ नाही आबा, हा पंक्चरवाला, सोबत आणलाय. आबा एवढे हसले की विडी विझली. मग त्यांनी खरंच त्यांच्या नातवाची पंक्चर सायकल माझ्यापुढे आणून ठेवली. काढून दिलं. काय करणार!

मुराळी! सगळा खान्देश या दिवसांत बहिणी आणायला निघालेला असतो. रस्त्यावर दिसेल तो कुणाचा तरी भाऊ. मी कुणाचाच नाही. मी आणि ती अकरावीपासून एका बाकामागे एक. बारावीच्या निकालाच्या दिवशी मी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "पाहू." नाही म्हणाली नव्हती! पाहू म्हणाली. त्या एका शब्दावर मी तीन वर्षं काढली. शिरपूरला इंजिनीअरिंगला गेलो तेही तिच्या बापासमोर उभं राहता यावं म्हणून. दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न एका द्राक्षबागवाल्याशी ठरल्याचं कळलं. होस्टेलवर एक जण म्हणाला, द्राक्षवाल्याची मजा आहे. त्याला जिन्यावरून ढकलला. मग परीक्षा नाही, कॉलेज नाही. बाप म्हणतो, आता मळा बघ. मळाही बघत नाही.

१३ एप्रिल, सोमवार

नेरच्या पुढे. ऊन. किरणशी दिवसभरात चार शब्द.

माझा बेत त्याला सांगितलेला नाही. ती एकदा त्या घराच्या बाहेर पडली की बास. छगनमामा सुरतेला कापड मार्केटमध्ये आहे. म्हणाला होता, कधीही ये, खोली बघून देतो. पिंपळनेरच्या स्टँडवरून सुरतेची गाडीही सुटते. किरण सायकली चढवायला टेम्पोकडे जाईल तेवढ्यात तिला विचारायचं. एकच प्रश्न.

ती हो म्हणणार नाही, हे मला अर्ध्या मनाने माहीत आहे. उरलेल्या अर्ध्यावर पायडल मारतोय.

१४ एप्रिल, मंगळवार

आज वाईट वागलो.

साक्रीत जयंतीचा डीजे होता, छातीत दणदण. तिथून निघून पुन्हा पाटाला लागलो तेव्हा कान बधिर. किरण पाण्यात पाय सोडून बसला. मी विचारलं, मयुरी फोनवर काय बोलते?

घरचं बोलते, म्हणाला.

माझं?

तो पाण्यात खडे टाकत राहिला. मी पुन्हा विचारलं. माझे मेसेज तिला मिळतात का? नवीन नंबरवरून केले तरी दोन दिवसांत ब्लॉक. नवरा करत असणार, तिचा फोन बघत असणार. पाचपरतावणाला आली तेव्हा मी तिच्या दारासमोरच्या ओट्यावर पहाटेपासून दिवे लागेपर्यंत बसून होतो. जेवायलाही उठलो नाही. ती एकदाही बाहेर आली नाही. घरच्यांनी येऊ दिली नसेल. नाही तर एवढं बसलेल्या माणसासाठी कोण बाहेर येणार नाही?

किरण म्हणाला, "हित्या, तुला कुणी सांगितलं होतं बसायला?"

मी त्याची गिअरची सायकल उचलली आणि पाटात फेकली.

त्याने चपला काढल्या. पँट वर केली, उतरला. पाणी कमरेपर्यंत, जोर भरपूर. सायकल वाहत वाहत पाणी अडवायच्या फळीला अडकली. शेवटी मीही उतरलो. दोघांनी मिळून ओढून काढली. चिखलात दोघंही बसलो. मग म्हणाला, "झालं? आता तुझी राहिली. ती पण टाकायची का?"

हसला. मला हसू आलं नाही. मार दिला असता तर बरं वाटलं असतं.

१५ एप्रिल, बुधवार

पोचलो.

आयुष्यभर ऐकलं, द्राक्षबागा, द्राक्षबागा. डोक्यात घड लोंबत होते. एक द्राक्ष नाही! पान नाही! हंगाम संपलाय, आता खरड छाटणी चालू आहे. सगळा वेल कापून काढायचा, खुंट ठेवायचे. तारांवर ओळीने नुसते दांडके, आणि प्रत्येक कापल्या टोकाला पाण्याचा थेंब. वाटेत काड्यांचे ढीग. एवढ्या सायकलीनंतर हे!

ओळींतून एक बाई आली. साडीवर पुरुषी शर्ट, तोंडाला रुमाल, हातात कात्री. रुमाल काढला तेव्हा कळलं. काळवंडली आहे. दंड भरलेत. किरणला पाहून धावतच आली, "दादा, सायकलवर? येड लागलं का तुला?" मग मागे मी. तिने कात्री मिटली. मला म्हणाली, पाणी घे. बस्स. एवढंच. माठाकडे मी स्वतःच गेलो.

तिचा नवरा, नाव नवल, त्याच्याबद्दल मी काय काय ठरवून आलो होतो. साधा निघाला. माझ्या मागच्या चाकात हवा कमी आहे म्हणून स्वतः पंप आणून भरली. मला त्याचा जेवढा राग यायला हवा होता तेवढा आला नाही. म्हणून जास्त राग आला.

सासू कुंदाबाई. ओसरीत बेदाणा निवडत होत्या. किरणने हात जोडून विषय काढला — आई वाट बघते, आखाजीला तरी धाडा. मी मुठी आवळून बसलेलो. कुंदाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"मी काय बांधी ठेयेल शे का तिले? राखीले म्हनं जाय, दिवाळीले म्हनं जाय. तीच नही म्हनस!"

किरण मयुरीकडे पाहत राहिला. ती चहाचे कप गोळा करून आत गेली. आतूनच म्हणाली, यंदा नाही जमणार दादा, छाटणी आहे.

काय नाटक! पाहुण्यांपुढे सगळ्याच सासवा अशा बोलतात. आणि ती बिचारी काय बोलणार?

किरण मात्र जेवताना सारखा आत बघत होता. भाकरी तशीच ताटात.

१६ एप्रिल, गुरुवार

सकाळी बागेत ती एकटी सापडली. सगळं बोलून टाकलं. सुरत, मामा, खोली, नोकरी. कॉलेजचं पण बोललो. लग्नाच्या रात्री मी विहिरीवर जाऊन बसलो होतो तेही. ती कापत राहिली, एक खुंट, पुढचा खुंट. मी तिच्या वाटेत उभा होतो. ती वळून दुसऱ्या ओळीतून गेली. मी पण त्या ओळीत गेलो. तेव्हा थांबली.

"तू अजून तसाच आहेस."

मग हाक मारली. मला नाही. मजूर बायकांना. दोघी-तिघी आल्या, तिच्या दोन्ही बाजूंनी कापायला लागल्या. बोलता आलं नाही.

तसाच आहेस! म्हणजे मी कसा होतो ते तिला आठवतं. विसरली नाही. दिवसभर ते एकच वाक्य उलटंसुलटं करून बघतोय. कधी त्यात काहीच सापडत नाही. कधी सगळंच सापडतं.

संध्याकाळी किरण आणि ती विहिरीच्या कट्ट्यावर बसले होते. बराच वेळ. ती बोलत होती, तो ऐकत होता. एकदा त्याने डोक्याला हात लावला. लांबून काही ऐकू आलं नाही. मग तो माझ्याकडे आला. चेहरा पडलेला. म्हणाला, येते म्हणते. उद्या सकाळच्या गाडीने. पण तिची एक अट आहे.

कसली अट?

उद्या सांगतो, म्हणाला. आज माझ्यात जीव नाही.

अट! तिने अट घातलीय, म्हणजे तिने विचार केलाय. मी बोललो ते वाया गेलं नाही. कसली असेल? कॉलेज पुरं कर — करतो. डोकं शांत ठेव — ठेवतो, आजपासून. किरणची माफी माग — आत्ता मागतो. वर्षभर थांब म्हणाली तरी थांबतो. पाहू म्हणणारी मुलगी आज अट घालते! एक वर्ष झालं, मला पुढचा दिवस उजाडावा असं वाटलंच नव्हतं. आज वाटतंय.

कुठलीही असो. मान्य.

१७ एप्रिल, शुक्रवार

पिंपळनेर स्टँड. अट किरणने इथे सांगितली, खाली बघत.

"तू गावात असशील तर ती येत नाही. राखीला आली नाही ती तुझ्यामुळे. दिवाळीलाही. आईला खरं सांगवेना, म्हणून बागेचं नाव सांगायची."

ती पलीकडे, पिशवी छातीशी धरून, दोन बायकांच्या मधोमध उभी. मला इतके दिवस वाटत होतं, ती सासूला भिते.

किरणला म्हटलं, तुम्ही जा. आखाजी करा. ती तिकडे असेपर्यंत मी गावात पाय ठेवत नाही. सुरतेला जातो, नाही तर कुठेही.

त्याने तिच्याकडे पाहून मान हलवली. तेव्हा ती बसमध्ये चढली.