घोडी गेली, खटला संपला

बाबा, तुमची घोडी मंगळवारी गेली. एकतिसावं वर्ष चालू होतं तिला. शर्यतीच्या जनावराने पंचविशी गाठली तरी डोक्यावरून पाणी, असं तुम्ही म्हणायचात. ती तुमच्यामागे सोळा वर्षं जगली. महिन्यापूर्वी माझा खटलाही संपला, म्हणून लिहायला बसले आहे. 'बसले' वाचून तुम्ही पुढे वाचलं असतंत की नाही, कोण जाणे.

मी बारा वर्षांची होते. मोठ्या शर्यतीच्या सकाळी रेसकोर्सच्या तबेल्यात तुम्ही तिला खरारा करताय आणि मला आयाळ गुंफायला शिकवताय. "हात हलका आहे रे तुझा," म्हणालात. मी घातलेली पहिली वेणी तिची. ती जिंकली. पेपरातल्या फोटोत मालक होते, जॉकी होता, आणि लगाम धरलेले तुम्ही, निम्मे कापलेले. पुढे कॉलेजात असताना मी काजळ घालून तुमचा डबा घेऊन आले, तेव्हा तबेल्यातले सगळे हसले. माझ्याकडे न बघता तुम्ही डबा घेतलात. "उद्यापासून आणू नकोस. मी बाहेर खाईन." तुम्हाला बाहेरचं पचत नसे. तरी शेवटपर्यंत, चार वर्षं, तुम्ही बाहेर खाल्लंत.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी नाव बदललं, कागद बदलले. हिंजवडीतल्या माझ्या कंपनीने ओळखपत्र काढून घेतलं. म्हणे, ज्या मुलाला नोकरी दिली, तो हा नव्हे. "तो कर्मचारी कुठे गेला, ते बाईंनीच सांगावं," त्यांचे वकील कोर्टात म्हणाले. मागे कोणीतरी हसलं. आठ वर्षं तारखा पडत राहिल्या. त्या काळात मी दर दिवाळीनंतर घोडीला भेटायला जायचे, शहराबाहेर, जिथे निवृत्तीनंतर तिला ठेवलं होतं. तिने मला कधी ओळखलं नाही. पण तुमचा हात लागलेलं असं दुसरं कोण उरलं होतं? पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने विचारलं, "तुमी कोण?"

"माझे वडील हिचे सईस होते."

"त्यांला तर येकच पोरगा व्हता."

"तो मीच."

"आसं व्हय," तो म्हणाला, आणि भिजवलेल्या चंदीची बादली माझ्या हातात दिली. "दात न्हाईत तिला. दमानं खाऊ द्या."

निकाल माझ्या बाजूने लागला. मला कामावर परत घ्यायचं, नव्या नावाने. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. उलटतपासणीत त्यांच्या वकिलांनी विचारलं होतं, "निदान घरच्यांना तरी हे मान्य होतं का?" मी म्हणाले होते, "वडिलांना होतं. ते मला मुलगीच म्हणायचे." ते वाक्य जसंच्या तसं निकालात उतरलं आहे, खाली सही-शिक्का.

शपथेवर खोटं बोलले, बाबा. हे पत्र निकालाच्या फायलीतही ठेवता येणार नाही. खटल्यासाठी बोलले असते तर एक वेळ ठीक होतं. माझ्या वकीलबाईंनी तर उत्तर टाळायला सांगितलं होतं. मला फक्त ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघायचं होतं.