सरनाईकांची थोरली पाती

८ जानेवारी २०१७, रविवार
लेकीच्या, किशोरीच्या होणाऱ्या सासरी जाऊन आलो. वीट आला. मुलगा प्रणित बरा आहे, उरणला बंदरात नोकरी. पण बाप! जीवनराव सरनाईक. तळोज्यापलीकडचं घर, हॉलमध्ये सात पिढ्यांची वंशावळ, सोनेरी फ्रेम. चहा येईपर्यंत चार पिढ्या सांगून झाल्या, पोहे येईपर्यंत उरलेल्या तीन. मग विचारतात, तुमच्या मोकलांचं काय? मला आजोबांपलीकडे काही सांगता येईना. आमच्या आशालताने पटकन पोह्यांचं कौतुक सुरू केलं. नवऱ्याची अब्रू जातेय आणि हिला पोहे!
संकल्प: साखरपुड्याआधी मोकलांची वंशावळ. निदान आठ पिढ्या. सुपारी आजपासून बंद.

१६ जानेवारी
तहसील कचेरीची रेकॉर्ड रूम. धूळ, उंदराच्या लेंड्या, भिंतीवर पिचकाऱ्या. शी. कारकून म्हणाला, जेवणाची सुट्टी. तेव्हा पावणेबारा वाजले होते. या देशाचं काही खरं नाही.
सुपारी खाल्ली. धुळीने घसा बसला होता. औषध म्हणून.

२५ जानेवारी
सगळे जुने कागद मोडीत. पूर्वजांना सरळ लिहायला काय होत होतं? शेवटी अब्दुल मास्तरांना गाठलं. पनवेलचेच, निवृत्त शिक्षक, मोडी घडाघडा वाचतात. पण खारी चहात बुडवतात आणि तेच बोट रजिस्टरवर फिरवतात. किळस आली. मान फिरवून बसलो.

३१ जानेवारी
सापडलं! १८९१ सालचं रजिस्टर. मथळा: सरनाईकांचे घर. खाली सात नावं. सातवं नाव आनंदा मोकल, वय चाळीस. माझे पणजोबा! आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव आनंदा, हे मी स्वतः पाहिलंय. आणि घराचा कर्ता सरनाईक, जीवनरावांच्या फ्रेममधलाच, फक्त चौतीस वर्षांचा. म्हणजे आम्ही नुसते सरनाईक नाही. सरनाईकांची थोरली पाती!
मास्तर म्हणाले, "मोकलसाहेब, शेरा मागच्या पानावर आहे. पान उलटू?" म्हटलं, शेरे कारकुनांसाठी असतात. एका पानाची नक्कल घेतली, लॅमिनेट केली.

१२ फेब्रुवारी, रविवार
साखरपुडा. घरात कुणाला आधी बोललो नव्हतो. सरप्राइज. अंगठ्यांच्या आधी उभा राहिलो आणि नक्कल वाचली. जीवनरावांना म्हटलं, धाकट्या पातीने थोरल्या पातीला नमस्कार करायची रीत आहे.
टाळ्या आल्या नाहीत. जीवनरावांची आई गोदूबाई, ऐंशीच्या पुढची, कोपऱ्यातून बोलली, "मंग पोर आमचीच झाली. भावा-भैनीचा लगीन कसा लावाचा?"
एका कुळात सोयरीक होत नाही, हे मला माहीत नाही असं नाही. त्या क्षणी आठवलं नाही, इतकंच. अंगठ्या खिशात गेल्या. पेढे मात्र मंडळींनी खाल्ले. हावरट.

१३ फेब्रुवारी
किशोरी बोलत नाही. आशालता बोलते: "हात दाखवून अवलक्षण." सकाळपासून सहा वेळा.

१९ फेब्रुवारी
जीवनराव घरी आले. म्हणाले, नातं नाही अशी आईची खात्री पटली तर लग्न ठरल्याप्रमाणे सात मेला. मी विज्ञान सुचवलं. जीवनराव आणि मी, दोघांची डीएनए टेस्ट, बापाकडच्या वंशाची. आधी विचार होता टेस्ट करून नातं सिद्ध करायचा. आता नाही हे सिद्ध करायचं. विज्ञानाला दोन्ही सारखंच.

२ मार्च
नळीत थुंकायचं. माणसाने या वयात काय काय करावं! जीवनरावांनी एका दमात रेघेपर्यंत भरली. मला वीस मिनिटं लागली. सूचना अशी की अर्धा तास आधी काही खाऊ नये. मी काही खाल्लं नव्हतं. सुपारी म्हणजे खाणं नव्हे.

१० मार्च
हाताशी असावा म्हणून मास्तरांकडून शेरा वाचून घेतला. शब्दशः उतरवतो: 'आनंदा मोकल घाटावरून आलेला. सरनाईकांचा नातलग नव्हे, गडी. मालकाचे दोन कोंबडे खाल्ले सबब कामावरून काढला.'
मास्तर हसले नाहीत, पण मिशी हलत होती. इंग्रजांच्या कारकुनांना खोटं लिहायची सवयच होती.
हा कागद कपाटात, कुलपात. डीएनए आहेच. तेच काम अब्रू राखून होईल.

३ एप्रिल
कंपनीची ईमेल. जीवनरावांचा नमुना उत्तम. माझा बाद, भेसळ आढळली. नवीन किट, पुन्हा आठ आठवडे. सात मेला पाच आठवडे उरलेत. लबाड कंपनी.

५ एप्रिल
किशोरी बोलली, जवळजवळ दोन महिन्यांनी. "बाबा, मी प्रणितला नाही म्हणून सांगते. तुमचं सरनाईकपण राहू द्या." ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली आणि ताटं घ्यायला गेली.
समंजस मुलगी आहे. माझ्यावर गेली आहे.
जेवण गेलं नाही. आमटी खारट होती. आशालता म्हणते, मीठ घालायचंच राहिलं होतं.

६ एप्रिल
कपाट उघडलं. रिक्षा करून सरनाईकांकडे गेलो आणि शेरा स्वतः वाचला, उभा राहून. कोंबड्यांपाशी आवाज बसला. जीवनराव खिडकीबाहेर बघत होते, खांदे हलत होते. गोदूबाईने पुन्हा वाचायला लावलं. ऐकू येतं तिला, मला माहीत आहे. मग म्हणाली, "नात्याचा नाय ना? लावा लगीन. पन आमचे दोन कोंबरे आनून द्या."

७ मे
लग्न लागलं. कोंबडे मागच्या दाराने पोचवायचा बेत होता. गोदूबाईने मांडवाच्या दारात मागितले, व्याह्याच्या हातून, बँडच्या तालावर. दोन्ही काखेत एकेक धरून आलो. फोटोग्राफरने दोनदा परत चालायला लावलं. एकाने शेरवानीवर घाण केली. शी शी शी. किशोरी इतकी हसली की मुंडावळ्या सरकल्या.
हसू दे.

१० मे, बुधवार
व्याह्यांकडे जेवण. तेच कोंबडे, रस्सा. मी हात लावणार नाही असं घरून ठरवून निघालो होतो. पण नको म्हणणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. दुसऱ्यांदा घेतलं तेही शिष्टाचार म्हणूनच. तिसऱ्यांदा मी नुसती वाटी पुढे केली.
गोदूबाई वाढता वाढता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तपासनी कशाला करता? आनंदाचाच वंश हाय."