मागच्या खोलीतली ओल

रविवार, ५ ऑक्टोबर

मिळाली एकदाची चावी! कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं, भाड्याचं घर, आधीचा भाडेकरू गेल्यापासून बंद पडलेलं. कौन्सिलवाल्यांनी नेहमीप्रमाणे गालिचे उपटून नेले, पडदे नेले, पडद्यांच्या दांड्यासुद्धा नेल्या. राहिल्या भिंती आणि मी. लोरेन, माझी लेक, दारातच नाक धरून उभी. म्हणाली, आई, हे घर आहे की खुराडं? मी म्हटलं, खुराड्यात अंडी तरी मिळतात, तू बादली उचल.

मला आवडलं घर. स्वयंपाकघरात ऊन येतं, वर दोन खोल्या, पुढची आणि मागची, मागे कपडे वाळत घालायला जागा. विल्फ, माझा नवरा, वसंतात गेला, मग त्या मोठ्या घरात एकटीने काय झाडू मारत बसायचं? उभा जन्म त्याने खाणीत कोळशाची धूळ खाल्ली. शेवटी छातीत जागाच उरली नाही. आडवं होता येईना, खुर्चीत बसून झोपायचा. असो. रडत बसले तर भिंती कोण खरवडणार?

कौन्सिलची पोरगी फोनवर म्हणाली, ओल दिसली की तारीख घालून लिहून ठेवा, नाहीतर तक्रार पुढे जात नाही. म्हणून ही वही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

वॉलपेपर काढतेय. कागदावर कागद, त्यावर रंग, त्यावर पुन्हा कागद. एकेकाला काय आळस होता! गरम पाण्याचा फडका मारायचा आणि पत्र्याने खरवडायचं, एवढंच तर असतं. शेजारची बेरिल, आमच्या जुन्या ओळखीची, चहा घेऊन आली आणि स्वतःच पिऊन गेली. म्हणाली, एनिड, तुझ्या वयाच्या बायका विणकाम करतात. मी म्हटलं, कर तू, मला मोजे हवेतच.

मागच्या खोलीत खिडकीजवळ ओल आहे. काळी बुरशी. ब्लीच लावून घासली. लिहून ठेवलं, बघा.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

बुरशी परत. कौन्सिलचा गॅरी आला, भिंतीला मोजायचं यंत्र लावून मान हलवत बसला. म्हणाला, भिंत ठीक आहे, ही माणसाच्या श्वासाची वाफ आहे. त्या खोलीत कितीजण झोपता? मी म्हटलं, कोणी नाही, मी पुढच्या खोलीत झोपते. तो हसला. म्हणाला, आजी, कोणाला लपवून ठेवलंय का? मी म्हटलं, ठेवला असता तर भांडी घासून घेतली असती.

हवेतली ओल ओढणारी एक पेटी ठेवून गेला. खाली डबा असतो, त्यात पाणी साचतं, ते ओतून टाकायचं. एवढ्याशा कामाला आख्खी सकाळ घालवली त्याने.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पेटी कामाची निघाली. भिंत कोरडी ठणठणीत, पिवळा रंग मारला, छान दिसतोय. डबा भरला की मोरीत ओतते.

खिडकीचं मात्र कळत नाही. रोज सकाळी काचेवर आतून एकच वाफेचा डाग. गोल. खाली, खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर. आज पुसला आणि तिथेच उभी राहिले. चांगलं ऊन होतं. माझ्यासमोर परत आला. वाढला. आटला. वाढला.

वारा असेल फटीतून.

सोमवार, १० नोव्हेंबर

वारा नाही.

आज ऐकू आला. आत घेताना खरखर, सोडताना शेवटी बारीक शीळ. तो आवाज मी हजारांत ओळखेन, इतकी वर्षं त्याच्या शेजारी काढलीत. दारात उभी राहून म्हटलं, विल्फ? श्वास थांबला. मग जोरात सुरू झाला. पेटी हवा ओढत होती तसतसा तो अडकायला लागला, तुटायला लागला, अगदी शेवटच्या आठवड्यात तुटायचा तसा.

डब्याकडे बघितलं. काठोकाठ भरलेला.

एवढे दिवस मी काय ओतत होते? खरकट्या पाण्याबरोबर, मोरीत. त्याला एकेक घोट करून—

पेटी बंद केली. श्वास शांत झाला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तिथे खुर्ची नेऊन ठेवली. दुपारभर त्याच्याजवळ बसले. लोरेनच्या नव्या नोकरीचं सांगितलं, बेरिलच्या चहाचं सांगितलं. काचेवरचा डाग भराभर वाढला, हसायचा तेव्हा दम लागायचा तसा. मग मी रडले. कोणी बघत नव्हतं.

पिवळ्या रंगातून बुरशी वर आलीय. राहू दे. बेरिल म्हणाली, विल्फसारखी खोकतेस गं. मी म्हटलं, तू तुझं घर बघ.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

लोरेन आली. काळी भिंत बघून तिने पेटी लावली. आत त्याची घरघर सुरू झाली, मी प्लग उपटला. लोरेन रडायला लागली. म्हणाली, आई, बाबा गेले. मी म्हटलं, हळू बोल, ऐकेल तो. तिला काही ऐकू येत नाही म्हणे.

तिने गॅरीला फोन केला. शुक्रवारी भिंतीला भोक पाडून पंखा बसवणार, हवा बाहेर फेकणारा. मला लोरेनकडे नेणार. पंखा बसला की तो संपला. एकदा माती टाकलीय मी त्याच्यावर. परत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. भिंतीच्या जाळीत कागद कोंबले. किटली सारखी उकळत ठेवलीय. त्याचा श्वास सुधारलाय— शीळ गेली. खरखर गेली.

माझा पुरत नाही. हवा थोडी आणि तोंडं दोन. म्हटलं, विल्फ, जरा मला ठेव. थांबला नाही. ओढतोच आहे. खिडकी उघडायला उठले, गुडघ्यावर आले—

ताटातला मोठा तुकडा नेहमी मला देणारा माणूस. विल्फ असा नव्हता.

शुक्रवार, २१

पुढच्या खोलीत आलेय. सरपटत. दार उघडं आहे. खाली गॅरी दार ठोकतोय, आजी आजी करतोय. हाक निघत नाही. लिहिता येतंय तेवढं—

मागच्या खोलीत कोणीतरी घसा साफ केला. आलो आलो, म्हणाला. विल्फचा आवाज. केवढा मोकळा! लग्न झालं तेव्हा होता तसा—

पावलं. माझ्या दारासमोरून गेला. आत बघितलंसुद्धा नाही.

जिना उतरतोय. हा माणूस दुसऱ्या पायरीवर बसायचा, धाप लागून— भराभर उतरतोय—

दार उघडलं. गॅरी विचारतोय, आजी कुठे.

गेली ती, म्हणतोय. किती सहज म्हणतोय. दोघं बोलतायत. हसतायत.

विल्फ मी वर आहे अरे मी अजून