नववा प्रश्न

१८ जानेवारी
नागपूरला समितीची बैठक. साप चावून गेलेल्यांच्या घरी जाऊन चौकशी करायचा अभ्यास मंजुरीला होता. सगळे डॉक्टर-वकील. गावाकडचा माणूस म्हणून मी एकटा, करडी गावचा रिटायर मास्तर. प्रश्न नववा : दवाखान्यात न्यायला उशीर का झाला? समितीच्या अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, काढून टाकू, घरच्यांच्या जिव्हारी लागेल. मी अडून बसलो. आमचे लोक बोलतात, बोलून मोकळे होतात. फक्त तेरवीच्या आधी कोणाच्या दारात जायचं नाही, ही माझी अट. दोन्ही मान्य. घरी येऊन बायकोला, शांताला, ऐटीत सांगितलं. म्हणाली, "साऱ्या गावाच्या मनातलं तुमाले बरं कळते!"

२४ जुलै
शांता गेली. शेतात धानाची रोवणी चालू असताना... लिहवत नाही.

२६ जुलै
लिहितो. धानाच्या बांधीतून पाय धरत वर आली. "कायतरी चावलं जी." मी म्हटलं, "खेकडा असन. हळद लाव." पुन्हा रोवणीला लावली. तिचे डोळे मिटायला लागले तेव्हा गाडी शोधत फिरलो. भंडाऱ्याच्या दवाखान्याच्या वाटेवरच संपलं. घरी सांगितलं, तिनंच मला उशिरा सांगितलं. मेलेल्या माणसावर ढकललं. माझ्याइतका भित्रा कोणी नसेल.

५ ऑगस्ट
तेरवी झाली. सून सासूबद्दल सारखी म्हणते, "आत्याबाईनं लवकर सांगतलं असतं तं..." मी 'हो' म्हणून मान हलवतो.

७ ऑगस्ट
अभ्यासासाठी घरोघरी चौकशी करणारी पोरगी आली. माझ्याच अटीप्रमाणे, तेरवी उलटल्यावर. मी समितीत आहे हे तिला ठाऊक नाही. पाणी प्यायली, हळूहळू विचारत गेली. नववा आला. सून दारात उभी. मी पोरीचा रिकामा गिलास उचलून उठायला लागलो. पोरगी म्हणाली, "बाबा, नाही सांगायचं तं नका सांगू. चालते." सून म्हणाली, "सांगा नं मामाजी, आत्याबाईनंच उशीर केला म्हणून. लिहू द्या तिले." मी पोरीला म्हटलं, परवा ये. जागा कोरी ठेवून गेली.

८ ऑगस्ट
समितीचं पत्र. काही घरांतून नवव्या प्रश्नाची तक्रार आहे. ठेवायचा की काढायचा, गावच्या सदस्यानं कळवावं. काढा म्हटलं की मी सुटलो. ठेवा म्हणायचं तर आधी माझं उत्तर...
शांताच्या पायावर दोन ठिपके दिसले होते मला. खेकडा चावला तर तसे नसतात. पण रोवायच्या दोनच बांध्या उरल्या होत्या.
सून विचारून राहिली, "मामाजी, उद्या ते पोरगी येईन, दूध जास्त घेऊ का?"
घे म्हटलं. ती विचारेल तेव्हा तूही जवळ बस.