चेनकडची बाजू

ता. ९ मार्च, सोमवार

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. तुझी भावजय गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडते आणि दिवसातून दहा वेळा जिना चढते. भाऊजींचा खोकला उतरला असेल अशी आशा आहे. नसेल उतरला तर त्यांना सांग, औषध बाटलीत ठेवून गुण येत नाही.

फोन असताना पत्र कसलं, असं म्हणशील. फोनवर हे बोलायला गेलो तर दुसऱ्याच वाक्याला तू म्हणशील, "काय लपवतोयस?" आणि मी नेहमीसारखा हवापाण्यावर घसरेन. म्हणून आमचा टेम्पोवाला तुमच्या बाजूला माल घेऊन निघालाय, त्याच्या हाती हे देतोय.

काम असं आहे. गुरुवारी तुला वर्तमानपत्रातल्या एका बाईंचा फोन येईल. त्या माझ्यावर लिहितायत. फुगून सांगत नाही, पण थोडं फुगूनच सांगतो: यंदाच्या मोठ्या शर्यतीत पहिल्या तिन्ही सायकलींची चाकं आपल्या कारखान्यात बांधलेली होती. बाई दिवसभर इथे बसल्या. खालच्या मजल्यावर रिम आणि स्पोकची मांडणी, वरच्या मजल्यावर चौदा माणसं आपापल्या घोडीवर, म्हणजे चाक फिरवून तपासायच्या स्टँडवर, चाक चढवून बसलेली. मी खुर्चीतून न उठता, नुसत्या आवाजावरून म्हणालो, "तिसऱ्या घोडीवर एक स्पोक ढिला आहे." कारागीर म्हणाला, "नाही साहेब." म्हटलं, "बघ तरी." होता. बाईंनी ते लिहून घेतलं. मीही जरा ताठ बसलो.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही चाकाला पहिल्यांदा हात कधी घातलात?"

आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं, "दहाव्या वर्षी. ताईच्या शर्यतीसाठी."

"अरे वा. मग ताई जिंकल्या का?"

मी चहा मागवला. कप फुटका आहे म्हणून दुसरा मागवला. तरी बाई पेन धरून बसलेल्याच. शेवटी म्हणाल्या, "राहू दे, मी त्यांनाच विचारते. नंबर द्या." एक आकडा चुकवून द्यावा असं मनात आलं होतं. दिला बरोबरच.

तेव्हा गुरुवारी त्या विचारतील. तू म्हण, जुनी गोष्ट, काही आठवत नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. करत नाही.

बाबांची ती चोवीस इंची काळी सायकल आठव. सीट तुला उंच पडायची म्हणून तू दांडीखालून पाय घालून हाफ पॅडल मारायचीस आणि त्यातही गल्लीतल्या पोरांना मागे टाकायचीस. शेजारचे शिंपीकाका कात्री हातात धरून दारात यायचे. "मुलगी आहे की टपालगाडी? एक दिवस आपटेल आणि मग टाके मलाच घालायला लावतील." तू त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम घंटी वाजवायचीस. मग सीटवर पाय पुरायला लागले आणि मला डबल सीट घेऊन तू पाण्याच्या टाकीचा चढ न उतरता चढायला लागलीस. मी मागे बसून लोकांकडे असा बघायचो, जसा काही चढ मीच चढवतोय.

शाळांच्या शर्यतीत एकोणतीस मुलगे आणि तू एकटी. ड्रिलमास्तर म्हणाले होते, "नाव लिहितो, पण रडायचं नाही." तू म्हणालीस, "कोणी?"

शर्यतीच्या आदल्या दुपारी घरात सगळे आडवे झाले होते. मी परसात सायकल उलटी केली आणि स्पोक छेडून बघत बसलो. मला तेव्हापासूनच ती खोड. पुढच्या चाकाचे सगळे स्पोक एका सुरात वाजत होते. मागच्या चाकात मात्र दोन सूर निघाले. चेनकडच्या बाजूचा चढा, दुसऱ्या बाजूचा उतरता. मला वाटलं, बिघाड सापडला. बाबांच्या डब्यातून स्पोकची चावी काढली आणि तासभर खपून इकडचे सैल केले, तिकडचे आवळले. सगळं चाक एका सुरात आणलं. हवेत फिरवून पाहिलं. तसूभर डुगडुगत नव्हतं. असा खूश झालो की तुला सांगितलंसुद्धा नाही. तू जिंकलीस की मग सांगायचं, असं ठरवलं.

पुढचं तुला माहीत आहे. टाकीच्या चढावर तू पहिली होतीस. मी वर उभा होतो आणि तुझ्या मागचा मुलगा मला दिसतही नव्हता. उताराच्या वळणावर तू पडलीस. हनुवटी फुटली, कोपर सोललं. चाक वाकून त्याचा आठचा आकडा झाला होता, त्यामुळे कुणाला काही कळायला जागाच उरली नाही. मास्तर म्हणाले, "तोल गेला पोरीचा." शिंपीकाका म्हणाले, "मी म्हणतच होतो." बाबांनी तुला विचारलं, तेव्हा तूही मान खाली घालून म्हणालीस, "तोल गेला असेल."

त्यानंतर तू सायकलला हात लावला नाहीस. महिनाभरानं बाबांनी ती दुरुस्त करून आणली आणि म्हणाले, "आता ही धाकट्याची."

तेराव्या वर्षी मी एका सायकल-मिस्त्रीकडे कामाला लागलो. मागच्या चाकाचा आऊट काढायला त्यानं मला बसवलं, म्हणजे डुगडुगणारं चाक सरळ करायला. मी मोठ्या ऐटीत सगळे स्पोक एका सुरात आणले. मिस्त्रीनं चाक सायकलला लावून दाखवलं. सरळ होतं, पण मध्यावर नव्हतं. डावीकडे सरकून चाकाशेजारच्या मागच्या दांडीला टेकायला आलेलं. "शहाण्या," तो म्हणाला, "मागे एका अंगाला चेनचं चक्र असतं. ती बाजू जास्त ताणलेलीच असते, तेव्हा कुठे चाक मध्ये राहतं. दोन्ही बाजू सारख्या वाजवल्यास तर जोर पडल्यावर घासेल आणि वळणावर जाम होईल. माणूस मरेल एखादं."

मी विचारलं, "उताराच्या वळणावर?"

"उतारावर तर नक्कीच."

त्या दिवसापासून मला माहीत आहे. आज एकोणपन्नास वर्षं झाली. आमच्याकडे नवा माणूस आला की पहिल्या दिवशी मी स्वतः त्याला समोर बसवतो आणि सांगतो, चेनकडची बाजू चढी. कान चांगला असेल त्याला तर दोनदा सांगतो, कारण ही चूक चांगल्या कानाचाच माणूस करतो. हे मी कुठे शिकलो, ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

तुला का नाही सांगितलं? आधी बाबांची भीती होती. मग तुझं लग्न, तुझी दवाखान्यातली नोकरी. बत्तीस वर्षं तू दोन मैल पायी गेलीस आलीस, आणि मी मनाला सांगत राहिलो की ताईला चालायलाच आवडतं. माणूस धंद्यात हुशार असला की स्वतःलाही माल बरा खपवतो.

पण गेल्या महिन्यात तुझ्या नातीसाठी सायकल घेऊन आलो होतो. ती म्हणाली, "आजी, तू बस ना, मी धरते." तू हसून म्हणालीस, "नको गं, मला तोल नाही. लहानपणीच कळलं ते." मी खाली वाकून हवा भरत होतो. टायर दगडासारखा झाला तरी भरतच राहिलो, कारण वर बघायची सोय नव्हती.

ताई, तुझा तोल कधी गेलाच नव्हता. मध्यावर नसलेल्या चाकावर तू टाकीचा चढ पहिली चढलीस. इतकी वर्षं शर्यतीतली मुलंमुली पाहतो आहे, तसं चाक घेऊन तो चढ चढणारं दुसरं कुणी मला दिसलं नाही. ही माझी भाऊ म्हणून माया नाही, चाकं बांधणाऱ्याचं मत आहे. कारखान्यात मी फुशारक्या मारतो त्या सगळ्या एका पारड्यात टाकल्या तरी तुझा तो चढ जड होईल.

तेव्हा वर 'काही आठवत नाही म्हण' असं लिहिलंय, ते खोड. बाईंनी विचारलं तर जे झालं ते सांग. त्यांनी छापलं तर छापू दे. गिऱ्हाईक हसेल, दोन दिवस कारागीरही हसतील, मला चालेल. तुला माझ्यावर रागवायचं असेल तर मोकळेपणानं रागाव. फोनवर नको. मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो आहे, समोर बसून ऐकेन.

हे पुन्हा वाचत नाही. वाचलं तर फाडीन.

तुला पाडणारा,
तुझा धाकटा भाऊ